शंभर सेकंदांतले सत्तर

आमच्या पोफळवाडीत हत्ती कुठल्या बांधावर आलाय ते अख्ख्या गावाला माझ्या कारखान्यातून कळतं, असं मी पाहुण्यारावळ्यांना सांगत असे. खोटं नव्हतं. यंत्र सरकारी असलं तरी खोली माझी, वीज माझ्या मीटरवरची, आणि ते चालवणारी ईश्वरी माझी सून. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पण चाळीस बायांचा काजू कारखाना मी उभा केलाय, आणि हौसाक्का गावड्यांच्या मालात खोट काढायची बेळगावपर्यंतच्या कुठल्या व्यापाऱ्याची छाती नाही.

यंत्राचं नाव कानोसा. हत्ती चालतो तेव्हा जमीन हलते. शिवाय त्याच्या गळ्यातून इतका खालचा सूर निघतो की माणसाच्या कानाला तो ऐकूच येत नाही, जमिनीला येतो. रानाच्या कडेनं छत्तीस ठिकाणी गुडघाभर खोल कान पुरलेत, ते हे ऐकतात आणि माझ्या खोलीतल्या यंत्राला कळवतात. पण जमीन ट्रॅक्टरनंही हलते, म्हशींच्या कळपानंही हलते. पहिल्या वर्षी प्रत्येक जेसीबीला घंटा वाजायची. लोकांनी वैतागून घंटाच काढून ठेवल्या. मग ईश्वरी आली. तेव्हा ती माझी सून नव्हती, गडहिंग्लजची एक पोरगी होती, पाठीवर पिशवी अडकवलेली. तिनं वनखात्यानं अकरा वर्षांत नोंदलेली हत्तींची सगळी पावलं एका जागी लावली. प्रत्येक हत्तीची चाल वेगळी. नवं पाऊल आलं की यंत्र ते जुन्या पावलांशी ताडून बघतं, खात्री झाली की ज्या घरांच्या दिशेनं तो निघालाय त्या घरांत घंटा वाजते. पाच सेकंदांत. घंटा वाजली की माणसानं घरात जाऊन दार लावायचं आणि भिंतीवरचं बटण दाबायचं. माझ्या खोलीतल्या दिव्यांच्या फळीवर गावातली एकशे बेचाळीस नावं आहेत. ज्यानं बटण दाबलं त्याच्या नावापुढं हिरवं अक्षर उमटतं, आत.

सगळ्यात थोरल्या हत्तीला गावानं मुकादम नाव ठेवलंय. रोज संध्याकाळी तो शेताशेतांतून काम तपासत गेल्यासारखा फिरतो. मागचा डावा पाय जरा उशिरा टेकवतो.

आता त्या फळीच्या खाली एक पट्टी होती. तिच्यावर लिहिलेलं, मेमरी वापर, आणि पुढं आकडा. शहाण्णव. लाल रंगात. मला तेवढं वाचता येतं. पहिल्या दिवसापासून तो लाल आकडा माझ्या डोळ्यांत सलायचा.

"ईश्वरी, यंत्र तुडुंब भरलंय तुझं," मी म्हणायची.

"भरलेलंच असायला पाहिजे आत्ती. तो आजार नाही."

"माझ्या कारखान्यात भरून वाहणारं मी काही ठेवत नाही."

"वाहत नाही ते. वापरात आहे. रिकामी मेमरी म्हणजे वाया गेलेली मेमरी."

सून सासूला असं ऐकवते तेव्हा ती काय सांगतेय हे कानात शिरत नाही, कसं सांगतेय तेवढंच शिरतं. मी तोंड फिरवलं.

आमच्याकडं अमावस्येला यंत्रं चालवत नाहीत. माझ्या सासऱ्यांच्या गुऱ्हाळापासून ही रीत आहे. बॉयलर, कटर, भट्टी, सगळं बंद ठेवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ वाढवायचा. लोखंडालाही विसावा लागतो. एक कानोसाच तेवढा वर्षाचे बारा महिने चालायचा, तोही माझ्याच छपराखाली.

चैत्रातल्या अमावस्येला ईश्वरी प्रशिक्षणाला कोल्हापूरला गेली होती. खोलीचं कुलूप अंगठ्यानं उघडतं, तिच्या आणि माझ्या. सकाळी दहाला मी आत गेले आणि बटण बंद केलं. दिवसा हत्ती येत नाहीत, हे लहान पोराला माहीत आहे. पाच मिनिटांत तिचा फोन.

"आत्ती, यंत्र बंद दिसतंय."

"लाइट गेलीय," मी म्हटलं. "येईल."

दुपारभर यंत्र गार पडलं. मी ते पुसलं, हळदकुंकू लावलं. पाच वाजता चालू केलं तेव्हा पट्टीवर आकडा आला, एकोणीस. हिरवागार. मला इतकं बरं वाटलं की मी शांताला हाक मारून दाखवलं. शांता गुरव माझ्याकडं वीस वर्षं आहे, प्रतवारीच्या टेबलावर तिचा हात धरणारी दुसरी बाई नाही.

"बघ, पोट साफ झालं त्याचं," मी म्हटलं.

"तुमचा हात लागला की भूतपण साफ व्हतंय आक्का," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

साडेसहाला मुकादम रानातून उतरला. शांताच्या गोठ्यामागं फणसाचं झाड आहे, त्याचा वास त्याला लागला होता. शांताचा नवरा दत्तू गोठ्यात कडबा घालत होता. घंटा वाजली तेव्हा मुकादमाचं कपाळ गोठ्याच्या भिंतीला टेकलेलं होतं. भिंत दत्तूच्या पायावर आली. पाय दोन जागी मोडला.

पाच सेकंदांची घंटा शंभर सेकंदांनी वाजली होती.

तीन दिवसांनी रवळनाथाच्या देवळाच्या आवारात ग्रामसभा बसली. सरपंच रवळू पाटील आवाज चढवणारा माणूस नाही.

"ईश्वरीबाई, घंटेला उशीर कशानं झाला तेवढं सांगा. बाकी आमास्नी काय कळत न्हाई."

ईश्वरी उभी राहिली. "पंधरा दिवसांपूर्वी तक्रार होती की फोनवर हत्ती कुठं आहे ते विचारलं की उत्तर लवकर येत नाही. म्हणून मी प्रत्येकाच्या विचारण्याला यंत्रात जागा वाढवून दिली. त्या संध्याकाळी कुत्री भुंकायला लागली तसं सगळ्या गावानं एकदम विचारलं. जागा पुरली नाही. माझी चूक आहे."

मागून मारुती फडके बोलला, "बाईमाणसाच्या हातात गावाचा जीव दिल्यावर दुसरं काय व्हणार?"

मी वळले. "तुझा जीव कुणाच्या हातात पडला होता रे जन्मल्यावर? माझ्याच की. धुऊन दिला होता तुझ्या आईला."

सभा हसली. मारुती खाली बघायला लागला. एवढं बोलायला माझी जीभ चालली. जे बोलायला पाहिजे होतं त्याला चालली नाही.

ठरलं असं की यंत्र पुण्याच्या एका कंपनीकडं द्यायचं. इथं फक्त जमिनीतले कान राहतील, ऐकणारं पुण्यात. ईश्वरीचं काम संपणार. पक्कं करायला आठ दिवसांनी पुन्हा सभा.

त्या आठ दिवसांत मी धड कुठं बसले नाही. जेवायला बसले की उठायची, अंथरुणावर पडले की पाठ टेकत नसे. प्रतवारीला उभी राहिले तर अख्ख्या काजूगरांत फुटक्या पाकळ्या टाकायला लागले. चाळीस बायांनी बघितलं, एकीनंही तोंड उघडलं नाही. आमच्या कारखान्यात हौसाक्का चुकली असं म्हणायची पद्धतच नाही, आणि ती पद्धत मीच पाडलेली. शांताची जागा रिकामी होती. ती दवाखान्यात दत्तूच्या उशाशी.

माझा मुलगा संदेश सैन्यात आहे, तिकडं लडाखला. घरात आम्ही दोघीच. ईश्वरी दिवसभर यंत्रापुढं असायची, जेवायला यायची, ताट धुवायची, परत जायची. मला एकच धास्ती, यंत्राला कळलं असेल का? कळलं असेल तर ते कुणाला सांगतंय का?

चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खोलीत गेले. सूनबाईला चहा नेऊन देण्याची सवय मला नाही, तिनंही कपाकडं जरा जास्तच बघितलं.

"काय गं," मी म्हटलं, "हे चालू-बंद केलेलं, ते त्याच्यात राहतं का कुठं?"

"राहतं." ती पडद्यावरून मान न हलवता म्हणाली. "अमावस्येला सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी बंद. संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी चालू. खोली उघडली तुमच्या अंगठ्यानं."

मी दार लोटून घेतलं.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"त्याच संध्याकाळपासून."

"मग सभेत का नाही सांगितलंस? माझ्यावर उपकार करतेस?"

आता तिनं माझ्याकडं बघितलं. "उपकार कसला आत्ती? सांगितलं असतं तर गाव म्हणालं असतं, सून आपलं झाकायला सासूवर ढकलते. तुमच्यापुढं माझं कोण ऐकणार? आणि ऐकलं असतं तरी मग मी जेवायला कुठल्या घरात बसले असते? नोकरी गेली तर पुण्यात दुसरी मिळेल."

उपकार असता तर मी तो तिच्या तोंडावर फेकला असता. ही भीती होती. माझ्या घरात, माझ्या ताटात जेवणाऱ्या पोरीला माझी भीती होती आणि मी तिला आदर समजत होते.

मी निघाले. दारातून परत आले.

"भरलेलं चांगलं कसं, ते आता सांग. नीट सांग."

ती उठली आणि मला प्रतवारीच्या टेबलाशी घेऊन आली. सकाळची आठाची वेळ, बाया यायच्या होत्या.

"हे टेबल म्हणजे यंत्राची मेमरी," ती म्हणाली. "आणि मागचं गोदाम म्हणजे यंत्राची डिस्क. अकरा वर्षांची सगळी पावलं गोदामात आहेत. टेबलावर ठेवलेलं एका क्षणात हाताला लागतं. गोदामातून आणायचं तर उठून जायला लागतं, पोतं शोधायला लागतं. म्हणून यंत्र काय करतं, एकदा आणलेलं परत ठेवत नाही. टेबलावरच राहू देतं. मुकादमाची चाल, त्याच्या मादीची चाल, ट्रॅक्टर, म्हशी, जे जे सारखं लागतं ते सगळं टेबलावर. असं करत करत टेबल भरतं. शहाण्णव."

"आणि नवं काही आलं तर?"

"जे बरेच दिवस लागलेलं नाही ते गोदामात जातं. तेवढी जागा होते."

मी टेबलावरून हात फिरवला. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बायांचा हात पहिला तासभर चालत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. टेबल धुऊन लख्ख असतं, पण सूप कुठंय, चाळण कुठंय, नमुन्याचे गर कुठं गेले, सगळ्या गोदामाकडं फेऱ्या मारतात. त्या तासाला मी त्यांना आळशी म्हणत आले.

"म्हणजे मी मांडलेलं टेबल पुसून टाकलं," मी म्हटलं.

"हो. आणि यंत्र मागितल्याशिवाय आणत नाही. पाच ते साडेसहा एकही हत्ती आला नाही, म्हणून हत्तीचं एकही पाऊल टेबलावर नव्हतं. मुकादम आला तेव्हा अकरा वर्षांची पोती धुंडाळायला लागली."

"मग तू जागा वाढवून दिलीस म्हणालीस ते?"

"तेही खरं आहे." तिनं खांबाजवळचं एक सूप उचललं. "प्रत्येक विचारणाऱ्याला टेबलावर स्वतःचं एक सूप मिळतं. मी सूप मोठं केलं. दहा जणांनी विचारलं तर काम भरभर होतं. पण शंभर जणांनी एकदम विचारलं की शंभर मोठी सुपं. टेबलावर मावत नाहीत, मग काही जमिनीवर ठेवायची आणि दर दाण्याला वाकायचं. मी एका सुपाचा हिशोब केला, गावाचा केला नाही. मी काल सगळं तसंच घडवून मोजलं. शंभर सेकंदांतले तीस माझे आहेत."

उरलेले कुणाचे ते तिनं सांगितलं नाही. तेवढी वजाबाकी मला येते.

बाया यायला लागल्या तशी ती खोलीकडं वळली. मी तिला थांबवलं.

"तुझं यंत्र सुरू झालं की आधी काय करतं?"

"लोकांनी विचारायची वाट बघतं."

"बावळट आहे. माझ्याकडं बाया यायच्या आत टेबल मांडून तयार असतं. धुतलं तरी शटर उघडायच्या आत मांडायचं. मुकादमाचं पाऊल आधी आण म्हणावं, मग दार उघड."

ईश्वरी दाराशीच उभी राहिली.

"करता येतं," ती म्हणाली. "मीच करायला पाहिजे होतं. ते कधी बंदच होणार नाही असं धरून चालले होते."

"माझ्यासारखी सासू असताना?" मी म्हटलं. ती हसली नाही, पण तिच्या खांद्यांतला ताठा थोडा उतरला.

आठव्या दिवशी सभेला शांता आली होती. दत्तूच्या पायात सळई घातली होती. ती बायकांत अगदी पुढं बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. रवळू पाटलानं कंपनीचा कागद वाचायला घेतला.

"कागद ठेव रवळू," मी उभी राहिले. "आधी माझं ऐक. यंत्र मी बंद केलं होतं. अमावस्या म्हणून. सात तास. सुनेनं विचारलं तेव्हा लाइट गेलीय म्हणून खोटं सांगितलं. घंटेला शंभर सेकंद लागले, त्यातले सत्तर माझे. तीस तिचे, ते तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. मी आठ दिवस गप्प बसले."

मारुती फडक्यानं तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघून मिटलं. त्याची मला दया आली. माझ्या आजवरच्या वागण्याचंच ते फळ होतं, की मी चुकले असं मीच सांगत असतानाही कुणाला हो म्हणवत नव्हतं.

शांताच बोलली. बसल्या जागेवरून, माझ्याकडं न बघता.

"मला दावलंवतं तुमी. हिरवा आकडा. मी हसले वती तुमच्यासंगं."

"होय," मी म्हटलं.

"दत्तू आता शिडी चढणार न्हाई कधी. फणस उतरवायचा तो." तिनं पदर नीट केला. "मला एवढंच बोलायचं वतं."

मी खाली बसले.

रवळूनं कागदाची घडी केली. "पुण्यातल्या माणसाला आमची अमावस्या कोण सांगणार? तिथंबी कुणीतरी काहीतरी बंद करंलच. ईश्वरीबाई, पुढची अमावस्या बघू. घंटा वेळंवर वाजली तर यंत्र हितंच. न्हाई तर कंपनी."

घरी येताना मी ईश्वरीला म्हटलं, "त्या कुलपातनं माझा अंगठा काढून टाक."

"खोली तुमची आहे आत्ती."

"म्हणूनच सांगतेय."

तिनं त्याच दिवशी काढला. सुपं लहान केली, यंत्राला आधी टेबल मांडायला शिकवलं. पट्टीवरचा लाल रंग काढून साधा काळा केला, आणि तिच्याशेजारी दुसरा आकडा लावला, गोदामात किती फेऱ्या झाल्या त्याचा. आता तो बघायचा असतो. महिनाभर मी दिवसातून चारदा जाऊन तो बघायची. स्वतःच्या कारखान्यातल्या खोलीचं दार वाजवून उभी राहायची, सून उघडेपर्यंत. शांता कामावर परत आली पण तिनं आपलं स्टूल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. माझ्यासाठी काही सांगायचं झालं तर शेजारणीला सांगायची.

वैशाखातली अमावस्या आली. बॉयलर, कटर, भट्टी मी बंद केली, पुसली. कानोसाला हळदकुंकू ईश्वरीनं लावलं. मी दाराबाहेरून बघितलं. आकडा शहाण्णव होता.

चारपासूनच मला चैन नव्हतं. अंगणातून खोलीशी, खोलीतून अंगणात.

"बसा की आत्ती," ईश्वरी म्हणाली.

"तू तुझं बघ."

सव्वासहाला एकवीस नंबरच्या कानानं पाऊल धरलं. पडद्यावर रेघ थरथरली. दुसरं पाऊल. तिसरं, आणि मागचा डावा उशिरा. मी मनात दोनपर्यंत मोजलं होतं. चौथ्या सेकंदाला घंटा वाजली. खालच्या आळीतल्या घंटा, शांताच्या आळीतल्या. गावानं फोन काढले, सत्तर, ऐंशी, एकशे दहा जण एकदम विचारायला लागले. फेऱ्यांचा आकडा हलला नाही.

फळीवर हिरवी अक्षरं उमटायला लागली. आत. आत. आत. मारुती फडके, आत. रवळू पाटील, आत. खालच्या आळीतली एकवीस घरं, वीस झाली.

शांता गुरव. पुढं काही नाही.

"दत्तूला अंगणातून घरात न्यायला वेळ लागतो," ईश्वरी म्हणाली. "काठीनं चालतो." तिचा स्वर साधा होता, पण तिनं माझं मनगट धरलं होतं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच.

मुकादम ओढा उतरला. एकवीसचा कान थांबला, बावीसचा सुरू झाला. त्याच्या पुढं गोठ्याची नवी भिंत, भिंतीच्या अलीकडं फणस. मी त्या एका नावाकडं बघत होते. घंटा वेळेत वाजली होती, यंत्राकडून जे व्हायचं ते झालं होतं. आता शांतानं त्या घंटेवर भरवसा ठेवायचा की नाही एवढंच उरलं होतं. महिन्यापूर्वी ती माझ्या घंटेवर विसंबली होती.

चाळीस सेकंद. पन्नास. तेविसाव्या कानानं पाऊल धरलं.

शांता गुरव, आत.

ईश्वरीनं माझं मनगट सोडलं. मी भिंतीशी ठेवलेलं स्टूल ओढलं आणि बसले.